विश्लेषण : ‘मुले आहेत, चालायचेच’… मग शाळेतल्या बुलिंगची तक्रार करायची तरी कुठे?

‘मुले आहेत, चालायचेच.’ आपल्या मुलाला वर्गात त्रास होतो म्हणून शाळेत गेलेल्या पालकांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. त्यापाठोपाठ दुसरे येते, ‘आम्ही समजावतो त्यांना.’ मग दोन्ही मुलांना समोरासमोर उभे केले जाते, ‘सॉरी’ म्हणवून घेतले जाते, हात मिळवले जातात आणि प्रकरण मिटले असे सगळे धरून चालतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काय झाले, याची नोंद कुठेच नसते.

प्रत्यक्षात शाळेकडे तोंडी आश्वासनापेक्षा बरेच काही करण्याचे अधिकार आहेत आणि काही बाबतींत तर ते करणे तिच्यावर बंधनकारक आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांमुळे हे बंधन आणखी स्पष्ट झाले. पण तक्रारपेटी, समिती, हेल्पलाइन, शिक्षणाधिकारी, पोलीस यांपैकी कोणती गोष्ट कुठल्या वेळी उपयोगी पडते, हे पालकांना माहीत नसते. अनेकदा शाळांनाही नसते.

बुलिंग नेमके कशाला म्हणायचे?

मराठीत या शब्दाला एकच असा नेमका प्रतिशब्द नाही. चिडवणे, खोड्या काढणे, दादागिरी, वाळीत टाकणे, छळ असे पाच-सहा शब्द मिळून त्याचा अर्थ पूर्ण होतो. त्यामुळेच कदाचित आपल्याकडे हे सगळे ‘मस्करी’ या एका सोयीच्या शब्दाखाली खपून जाते. मस्करीची कुस्करी कधी झाली, हे मात्र ज्याची होते त्यालाच कळते.

बुलिंगचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांत नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांचे नाव पहिले घेतले जाते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि देणारा व सोसणारा यांच्यात ताकदीचा फरक असतो. ही ताकद शरीराचीच असते असे नाही. एकाविरुद्ध पाच जण असणे, वर्गात वट असणे, पैसा, जात, भाषा, रंग, इंग्रजी बोलता येणे किंवा न येणे, इतकेच काय दुसऱ्याचा एखादा फोटो हाताशी असणे हीसुद्धा ताकदच.

दोन सारख्या मुलांचे क्रिकेटच्या डावावरून जुंपले तर ते भांडण. त्यात हात मिळवणे चालते, कारण दोघांनाही बोलायची सोय असते. पण एका मुलाला महिनाभर रोज एकाच नावाने हाक मारली जाते, त्याचा डबा उघडून नाक मुरडले जाते, खेळताना संघात कुणी घेत नाही, तेव्हा दोघांना समोरासमोर बसवून ‘तुझे म्हणणे काय, तुझे काय’ असे विचारणे म्हणजे सोसणाऱ्याला पुन्हा एकदा त्याच माणसापुढे उभे करणे. शाळांमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा हा उपाय बुलिंगच्या बाबतीत बहुधा उलटाच पडतो.

हे अपवादाने घडते असेही नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला आदल्या महिनाभरात सोबतच्या मुलांकडून निदान एकदा तरी असा त्रास झालेला होता.

मुले घरी का सांगत नाहीत?

सांगितले तर काय होईल, याचा हिशेब मुलाने आधीच मांडलेला असतो. आई शाळेत जाईल, बाई वर्गात सगळ्यांसमोर विचारतील आणि मग व्हॅनमध्ये त्याची भरपाई होईल. मोबाइलवरून त्रास होत असेल तर आणखी एक भीती असते. पहिली शिक्षा म्हणून आपलाच मोबाइल काढून घेतला जाईल. मुलग्यांच्या बाबतीत ‘तू पण एक ठेवून द्यायची ना’ हे उत्तर ठरलेले असते. ते त्याला जमत असते तर त्याने सांगितलेच नसते.

त्यामुळे खुणा आडवाटेने दिसतात. रविवारी रात्री पोट दुखू लागते. पेन, कंपास, पाण्याची बाटली वारंवार ‘हरवते’. डबा जसाच्या तसा परत येतो किंवा उलट मूल भुकेने कासावीस होऊन घरी येते. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचे टाळते आणि घरी येताच आधी तिकडे धावते. रोजचा रस्ता किंवा रिक्षा बदलून मागते. यांतली एखादी गोष्ट असली म्हणजे बुलिंगच, असे नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर ‘शाळेत कसे चालले आहे?’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. ‘मधल्या सुट्टीत कुणासोबत बसतोस?’, ‘व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी कोण असते?’ असे लहान, उत्तर देता येईल असे प्रश्न जास्त सांगून जातात.

यासाठी वेगळा कायदा आहे का?

शालेय बुलिंग या नावाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, पण ते उच्च शिक्षण संस्थांसाठी. शाळांसाठी वेगवेगळ्या कायद्यांतली कलमे जोडून वापरावी लागतात आणि खरी गोची इथेच आहे.

महाराष्ट्रात त्यातले सर्वात धारदार हत्यार म्हणजे महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. नावामुळे तो फक्त महाविद्यालयांचा असावा असे वाटते. पण त्यातली ‘शैक्षणिक संस्था’ची व्याख्या रुंद आहे. महाविद्यालय किंवा शिक्षण देणारी इतर कोणतीही संस्था, शिवाय वसतिगृह, अनाथालय आणि शिकवणीची संस्थाही तिच्यात येते. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास त्रास देणाऱ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. प्रमुखाने टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे कायदा मानतो. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्थात आरोपी १८ वर्षांखालचा असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय कायद्यानुसार चालते, तुरुंगाचा प्रश्न येत नाही. तरीही ‘लेखी तक्रार’ आणि ‘सात दिवस’ हे दोन शब्द पालकांच्या अर्जात असले की मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा त्या कागदाचा क्रम बदलतो.

दुसरा आधार शिक्षण हक्क कायदा, २००९ चा. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. या कलमाचा रोख मुख्यतः शिक्षक आणि कर्मचाऱ्यांवर आहे. वर्गातल्या एखाद्या टोपणनावाची सुरुवात शिक्षकांच्याच तोंडून झालेली असते, तेव्हा हे कलम थेट लागू पडते. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा नोंदवलेली आहे.

सीबीएसईने मार्च २०१५ मध्ये आपल्याशी संलग्न शाळांसाठी बुलिंगविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक प्रतिनिधी अशांची समिती नेमावी, असे त्यात आहे. राज्य मंडळाच्या शाळांना हे परिपत्रक लागू नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांत एकीकडे ‘अँटी बुलिंग समिती’चा फलक आणि दुसरीकडे काहीच नाही, असे दिसते ते त्यामुळे.

जातीवरून हिणवले जात असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवाचक बोलून अपमानित करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली जाते, तेव्हा चिडवणाऱ्यांना आयता मसाला शाळाच पुरवते, हेही इथे सांगायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. तपास सीबीआयकडे सोपवतानाच न्यायालयाने देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी १५ निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. सरकारी आणि खासगी शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लास, निवासी संस्था, वसतिगृहे असे सगळे त्यांच्या कक्षेत येते.

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचे आहे. लैंगिक छळ, रॅगिंग आणि जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, धर्म अशा कारणांवरून होणारे बुलिंग यांच्या तक्रारींसाठी गोपनीय व सहज पोहोचता येईल अशी यंत्रणा उभारायची आहे. तक्रारदाराला त्रास होणार नाही, याची काळजी घ्यायची आहे. वेळेत कारवाई केली नाही आणि त्या हयगयीमुळे विद्यार्थ्याने स्वतःला इजा करून घेतली, तर जबाबदारी संस्थेची मानली जाईल, असेही न्यायालयाने म्हटले आहे.

पालक सभेत एक साधा प्रश्न विचारता येतो. आपल्या शाळेचा समुपदेशक कोण आणि तो आठवड्यातून किती दिवस येतो? उत्तर लगेच आले नाही, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगावे.

महाराष्ट्रातल्या शाळांत कोणती व्यवस्था आहे?

कागदावर बरीच आहे. २०१७ मध्ये राज्याने शाळांत तक्रारपेटी बसवायला सांगितले. २०२२ मध्ये ‘सखी सावित्री’ समित्यांचा निर्णय झाला. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने या दोन्हींची पुन्हा आठवण करून दिली, सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर भर दिला. अनुचित प्रकार लक्षात आल्यास शाळेने २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे, असेही त्यात आहे.

हा निर्णय मुख्यतः लैंगिक अत्याचार डोळ्यांपुढे ठेवून झाला आणि ते साहजिकच होते. पण बुलिंगच्या बाबतीत कॅमेऱ्याची मर्यादा ओळखायला हवी. कॅमेऱ्याला कुजबुज ऐकू येत नाही. बाकावर कुणी शेजारी बसू देत नाही हे त्याला कळत नाही. स्वच्छतागृहात तो बसवता येत नाही आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तर तो नसतोच.

तक्रारपेटीचेही तसेच. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी, शिपाईमामांच्या नजरेसमोर लावलेल्या पेटीत चिठ्ठी कोण टाकणार? जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे मूल एकटे जाऊ शकते अशा जागी ती हवी. किल्ली एकाच माणसाकडे नको, ती उघडताना पालक प्रतिनिधी हवेत आणि मिळालेल्या चिठ्ठ्यांची नोंदवही हवी. वर्षभरात एकही चिठ्ठी आली नाही, हे शाळेने अभिमानाने सांगण्यासारखे नाही. त्याचा अर्थ बहुधा पेटीची जागा चुकली आहे.

व्हॅन किंवा बसमधला त्रास ‘शाळेबाहेरचा’ म्हणून शाळा झटकू पाहते. तिथे राज्याचे स्कूल बसविषयीचे २०११ चे नियम कामी येतात. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. मोठ्या मुलांनी मागच्या सीटवर लहानांची बॅग काढून घेण्याचा प्रकार या समितीपुढे नेता येतो. आसनांची जागा ठरवून देणे हा अगदी साधा उपाय अनेकदा पुरेसा ठरतो.

तक्रार लिहायची कशी?

तोंडी तक्रारीला तारीख नसते. त्यामुळे पहिल्या भेटीनंतरही काही बदलले नाही, तर अर्ज लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने पाठवावा.

‘माझ्या मुलाला वर्गात खूप त्रास देतात, कृपया लक्ष द्यावे’ हे वाक्य अर्जात असू नये. त्यावर ‘लक्ष देतो’ एवढेच उत्तर येऊ शकते. त्याऐवजी असे लिहावे : ‘गेल्या तीन आठवड्यांत सातवी ब मधील दोन विद्यार्थी माझ्या मुलाला मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाजवळ अडवतात. मंगळवारी त्यांनी त्याची वही नळाखाली धरली. तिचा फोटो सोबत जोडला आहे. बुधवारी असेच घडले, तेव्हा वर्गातील आणखी दोन मुले तिथे होती. मुलगा त्या दिवसापासून शाळेत पाणी पीत नाही.’ दिवस, जागा, कृती, साक्षीदार आणि झालेला परिणाम. यांत कुणाला गुंड, कुणाच्या संस्कारांना नावे ठेवलेली नाहीत. ती ठेवली की चर्चा घटनेवरून संस्कारांवर जाते आणि शाळेला सुटायला वाट मिळते.

अर्जात मागणीही नेमकी हवी. चौकशी किती दिवसांत होणार, तोवर दोन्ही मुलांना वेगळे बसवणार का, मधल्या सुट्टीत त्या नळाजवळ कोण शिक्षक उभे राहणार, मुलाने तक्रार केली म्हणून त्याला त्रास झाला तर कुणाला सांगायचे. आणि एक विनंती जरूर लिहावी की मुलाला व त्रास देणाऱ्यांना समोरासमोर बसवू नये, सगळ्यांशी स्वतंत्र बोलावे.

घरी एक साधी वही ठेवावी. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या हकिकतीपेक्षा अशा चार ओळींना पुढे प्रत्येक पायरीवर जास्त वजन येते. मुलाला मात्र पुन्हा पुन्हा सगळे सांगायला लावू नये. एकदा नीट ऐकावे, लिहावे, पुरे.

शाळेने दाद दिली नाही तर?

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकांचीच समिती असूनही तक्रार घेऊन तिच्याकडे जाणारे थोडे. त्यापुढची पायरी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, त्यावर शिक्षणाधिकारी प्राथमिक किंवा माध्यमिक. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत अधीक्षक आणि मुख्याध्यापकांनी ऐकले नाही, तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. वसतिगृहातल्या मुलाला संध्याकाळी न्यायला कुणी येत नाही. त्रास देणाऱ्यासोबतच त्याला रात्रही काढायची असते. म्हणून निवासी शाळेतल्या तक्रारीत ‘बघू’ म्हणायला वेळच नसतो, हे अर्जात ठळकपणे लिहावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

आणि १०९८. चाइल्डलाइन म्हणून ओळखली जाणारी ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच ‘टिस’च्या पुढाकाराने सुरू झाली. आता ती महिला व बालविकास विभागामार्फत चालते आणि आपत्कालीन ११२ क्रमांकाशी जोडलेली आहे. चोवीस तास, मोफत. मूल स्वतः फोन करू शकते, यासाठी पालकांची परवानगी लागत नाही. मनावर ताण आला असेल, जगणे नकोसे वाटते अशा अर्थाचे मूल काही बोलले असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येते. असे बोलणे ‘नाटक’ समजून सोडू नये आणि मुलाला त्या वेळी एकटे ठेवू नये.

पोलिसांत कधी जायचे?

मारहाणीत इजा झाली, पैसे उकळले, धमकी दिली किंवा प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तेव्हा. लैंगिक प्रकार म्हणजे केवळ अत्याचार नव्हे. स्वच्छतागृहात कपडे ओढणे, तसे फोटो काढणे, ते दाखवून धमकावणे हे पॉक्सो कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तिथे शाळेला ‘आपण आपसात मिटवू’ म्हणण्याचा अधिकारच नाही. अशी घटना कळूनही न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा असून संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

समोरचाही मूलच असेल तर? सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज होती का, हे पाहिले जाते. १८ वर्षांखालच्यांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात आणि तिथे शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो. साध्या गुन्ह्यांत सहसा एफआयआरही होत नाही, पोलीस दैनंदिनीत नोंद करून मंडळाला अहवाल देतात. पोलीस ‘हात झटकतात’ असे पालकांना वाटते, त्यामागे कधीकधी हा नियम असतो.

रागाच्या भरात एक चूक हमखास होते. त्रास देणाऱ्या मुलाचे नाव, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले जातात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार चौकशीतील मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारदारच आरोपी व्हायची वेळ त्यामुळे येते.

मोबाइलवरच्या छळाचे काय?

इथे पहिली पायरी पुरावा. संदेश डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात पाठवणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसायला हवी. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी त्या खात्याच्या पानाची लिंकही जपून ठेवावी, कारण नाव आणि फोटो क्षणात बदलता येतात, लिंकवरून शोध सोपा जातो. त्यानंतर रिपोर्ट, मग ब्लॉक. क्रम उलटा केला तर पुरावा हातचा जाऊ शकतो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. तिथे महिला आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

अल्पवयीन मुलाचा नग्न किंवा अर्धनग्न फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ही सेवा कुठूनही वापरता येते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही. तो आपल्याच फोनमध्ये राहतो आणि त्यावरून अंकाक्षरांची एक साखळी तयार होते, तिला हॅश म्हणतात. हा त्या फोटोचा अंगठ्याचा ठसा समजा. ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसा हॅशवरून फोटो परत बनवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या हा ठसा आपल्याकडच्या फोटोंशी ताडून पाहतात आणि जुळला तर तो काढू शकतात. मर्यादाही आहे. व्हॉट्सअॅपवरच्या संदेशांना कुलूप लावलेले असते, तिथे ही तपासणी पोहोचत नाही.

वर्गाच्या ग्रुपवर घडलेल्या गोष्टीला ‘हे शाळेच्या वेळेत झाले नाही’ असे उत्तर येते. सोसणारा आणि देणारा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, कदाचित त्याच बाकावर बसणार असतील, तर हे उत्तर टिकत नाही.

मग हे थांबते कशाने?

१९८२ मध्ये नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबतच्या मुलांकडून झालेला छळ हे त्यामागचे कारण असावे, असे पुढे आले. त्यानंतर तिथल्या सरकारने मोहीम हाती घेतली आणि ओल्वेउस यांनी १९८३ पासून बर्गन शहरातल्या शाळांत आपला कार्यक्रम राबवला. त्यात भाषणे कमी आणि व्यवस्था जास्त होती. सुट्टीत मोठ्यांची नजर, वर्गाने मिळून ठरवलेले थोडके नियम, आठवड्याची वर्गसभा आणि निनावी प्रश्नावली.

फिनलंडने पुढे एक वेगळा धागा पकडला. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवल्ली यांच्या अभ्यासातून असे दिसले होते की बुलिंग हा दोघांचा खेळ नसतोच, तो प्रेक्षकांसाठी चाललेला असतो. काही जण मदतनीस होतात, काही हसून साथ देतात, काही लांबून बघतात आणि एखादाच मध्ये पडतो. २००९ पासून देशभर गेलेल्या ‘किव्हा’ कार्यक्रमाने म्हणून दादागिरी करणाऱ्याला सुधारण्यापेक्षा हसणाऱ्यांचे हसू काढून घेण्यावर जोर दिला. टाळ्या बंद झाल्या की खेळ आपोआप ओसरतो.

आपल्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे त्यांच्याच माथी आहे. तरी काही गोष्टींना पैसा लागत नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसण्याऐवजी दोघांनी पाळीपाळीने नळ, जिना आणि स्वच्छतागृहाबाहेर फिरणे. गट पाडताना ‘तुम्हीच पाडा’ न म्हणणे, कारण शेवटी उरणारा मुलगा दर वेळी तोच असतो. आणि त्रैमासिक चिठ्ठी : शाळेतल्या कोणत्या जागेची भीती वाटते? नाव न लिहिता, फक्त जागा. अशा पन्नास चिठ्ठ्यांतून शाळेचा जो नकाशा तयार होतो, तो सीसीटीव्ही कुठे लावायचा हेही सांगतो.

त्रास देणारे मूल आपलेच निघाले तर?

ही शक्यता पालक सभेत कुणीच धरत नाही. शाळेतून फोन आला की पहिली प्रतिक्रिया ‘आमचा तसा नाही’ अशी येते, दुसरी म्हणजे घरी चोप. दोन्हींनी मूल एवढेच शिकते की पुढच्या वेळी पकडले जायचे नाही. काय केले ते त्याच्याच तोंडून, फाटे न फोडता सांगायला लावणे, मोडलेली वस्तू त्याच्या खाऊच्या पैशांतून भरून देणे, महिनाभर शाळेशी दर आठवड्याला बोलणे, हे कंटाळवाणे पण उपयोगी मार्ग आहेत. काही मुले घरात किंवा शिकवणीत स्वतः मार खात असतात, समुपदेशकाला ते लवकर दिसते.

‘काढून टाका त्याला शाळेतून’ ही मागणीही दर वेळी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे कलम दोन्ही बाजूंनी चालते. त्रास देणाऱ्याला काढता येत नाही, तसेच तक्रार करणाऱ्या पालकांच्या हाती ‘जमत नसेल तर दाखला घेऊन जा’ म्हणून दाखलाही ठेवता येत नाही.

शाळाच बदलावी का?

काही वेळा तोच मार्ग उरतो. तो पळपुटेपणा नाही, पण निर्णय मुलाशी बोलून व्हावा, नाहीतर ‘मी सांगितले म्हणून मलाच जावे लागले’ एवढेच त्याच्या लक्षात राहते. वर्षाच्या मध्यावर दाखला देण्यास शाळा खळखळ करते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. जुन्या शाळेत दिलेल्या अर्जाची पोच असलेली प्रत मात्र फेकू नये. शिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा आयोगाकडे सुरू असलेली तक्रार शाळा बदलल्याने बंद होत नाही आणि त्या वर्गात मागे राहिलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या पालकांना तोच कागद पुढे लागू शकतो.